जगदेवचा पाण्याचा फेरा

मेडशीचा जगदेव माणूस म्हणून लाखात एक, पण त्याला गप्प बसवणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचं शेत कुठं, सोयरीक कुठली, पोट कशानं दुखतं, हे सगळं पुढचा थांबा यायच्या आत त्याला ठाऊक झालेलं असायचं. आणि नशीब बघा, अशा माणसाला कामही मिळालं ते दारोदार फिरायचं.

मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला जैनांची एक जुनी धर्मशाळा आहे. समोर मंदिर, मागे भोजनशाळा, मधल्या चौकाभोवती दोन मजली खोल्या. यात्रेकरू सकाळी आंघोळ करून मगच पूजेला जाणार, म्हणजे उजाडायच्या सुमारास प्रत्येक खोलीला गरम पाणी पोचलं पाहिजे. ते काम जगदेवचं. वरचा मजला बांधायच्या वेळी तो इथं विटा वाहायला आला होता. बांधकाम संपलं, बाकीचे मजूर आपापल्या गावी गेले, हा मात्र राहिला. तेव्हा मिशी नुकती फुटलेली होती, आता ती पांढरी होऊन पिवळी पडायला लागली होती.

काम तसं सोपं वाटेल, पण तिथले नियम सोपे नाहीत हो. चुलीत लाकूड घालण्याआधी ते जमिनीवर आपटायचं, झटकायचं, मऊ झाडणीनं पुसायचं, मुंगी-किडा असेल तर बाजूला सोडायचा, मगच चुलीत. पाणी आधी कपड्यानं गाळायचं, मग हंड्यात. जगदेवला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरीसुद्धा तो कपाशीच्या पऱ्हाट्या झटकूनच चुलीजवळ ठेवायचा. त्याची बायको पंचफुला वैतागायची. "भाकरी कधी टाकू जी मी? मुंग्याईचं बाळंतपन झाल्यावर?" असं ती विचारायची.

पाणी तापलं की दोन हातांत दोन बकेटा घेऊन जगदेव निघायचा. दारापाशी बकेट ठेवायची आणि हाक द्यायची, "उठा जी, पानी आलं!" दार उघडलं की फक्त पाणी आत जायचं नाही, जगदेवही जायचा. सुरतेच्या मावशींना कडकडीत पाणी लागतं, नागपूरच्या वकीलसाहेबांना कोमट, बीडच्या आजीबाईंना पाण्याआधी सुनेबद्दल बोलायला लागतं, हे त्याला पाठ होतं. कुणी त्याच्यासाठी राजस्थानहून पापड आणायचं, कुणी आपला जुना स्वेटर. एका बाईच्या मुलाचं लग्न जमेना, तर हा तीन यात्रांत दरवेळी विचारत राहिला, आणि चौथ्या यात्रेला ती बाई सून घेऊन आली ती आधी जगदेवला दाखवायला, मग मंदिरात. तो दिवसभर हवेत तरंगत होता.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना धर्मशाळेत बॉयलर घुसला.

झालं असं की, बाहेरगावच्या एका कुटुंबानं वडिलांच्या नावानं एक बॉयलर दान करायचं ठरवलं. एकच. आणि मागच्या अंगणात जागाही एकाचीच. आता तो वाफेचा घ्यायचा की गरम पाण्याचा, हे ठरवायचं होतं. वाफेचा घेतला तर वाफ भोजनशाळेत जाईल, भात-वरण वाफेवर शिजेल, व्रत करणाऱ्यांचं प्यायचं पाणी उकळेल. पण तो चालवायला परवान्याचा माणूस ठेवावा लागेल आणि सरकारी तपासणीही होईल. गरम पाण्याचा घेतला तर तो साधासरळ, पाणी तापवून नळानं थेट खोल्यांत सोडेल. भोजनशाळेत मग आहे तो गॅसच चालू राहील. विश्वस्तांच्या बैठकीत बराच खल झाला आणि शेवटी सगळ्यांनी हा निर्णय मुख्य विश्वस्त कस्तुरचंद शेठजींवर सोपवला.

आता याला काय म्हणावं! कस्तुरचंद शेठजींसारखा सज्जन माणूस पंचक्रोशीत सापडणार नाही, पण ज्यांना मुंबईची छत्री घेऊ की अकोल्याची, हे ठरवता ठरवता दिवाळी उजाडायची, त्यांच्यावर बॉयलर सोपवला! त्यांच्या पत्नी जतनबाई तर चारचौघांत सांगायच्या, "मले पाहून गेले दिवाळीत, अन् होकार आला होळीले. माझ्या बापानं तवर दुसरं स्थळ पाह्यलं असतं तं बसले असते."

शेठजींनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना विचारायला सुरुवात केली. पुजाऱ्याला विचारलं, भाजीवालीला विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं आणि त्यानं घंटी मारली तरी विचारत राहिले. मग एक दिवस चुलीपाशी येऊन जगदेवला म्हणाले, "जगदेवा, तुले काय वाटते? वाफ का पानी?"

जगदेवच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. वाफेचा आला तर तो स्वयंपाकघरात जाईल, खोल्यांचं पाणी चुलीवरच तापेल, आपला फेरा चालू राहील. पाण्याचा आला तर खोलीत नळ, नळाला तोटी, आणि जगदेव बाद.

"तू घाबरू नको बरं," शेठजी त्याचा चेहरा बघून म्हणाले. "पान्याचा घेतला तरी तुले काढनार नाही. तू गेटवर खुर्चीत बस. पंखा लावून देतो. या वयात बकेटा काहून उचलायच्या?"

खुर्ची आणि पंखा! दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. जगदेवनं मात्र हातातलं लाकूड पुन्हा झटकायला घेतलं. गेटवरून सगळेच जातात, पण गेटवाल्यापाशी थांबून सुनेचं गाऱ्हाणं कोण सांगतं?

"वाफच घ्या, शेटजी," तो बोलून गेला. "डोये झाकून वाफ घ्या."

एकदा तोंडातून निघालं, मग त्याला लगाम राहिला नाही. जगदेव वाफेची अशी तारीफ करायला लागला की वाफ काय, अमृतच. आणि पाण्याच्या बॉयलरची बदनामी तर विचारू नका. नळाचं पाणी पाइपातून येता येता शिळं होते म्हणे. त्यानं अंगाला खाज सुटते म्हणे. एके दिवशी तर त्यानं शपथेवर सांगितलं, "बॉयलरच्या पान्यानं केस झडते, शेटजी. अकोल्याले एका लॉजात पूरे लोक टकले झाले." शेठजींनी टोपी काढून आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली.

मग जगदेवनंच खटपट करून शेठजींना रिसोडकडच्या एका वसतिगृहात नेलं. तिथं वाफेवर स्वयंपाक चालायचा. मोठ्या भांड्याचं झाकण काढलं तर आत भात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा फुललेला, ना धूर, ना करपल्याचा वास. शेठजींच्या चष्म्यावर वाफ बसली. ते चष्मा पुसत पुसत "वा रे वा" म्हणत राहिले. परतीच्या वाटेवर त्यांनी अकोल्याच्या बॉयलर कंपनीतल्या ऋषिकेशला फोन लावला आणि पोष दशमीची यात्रा झाली की वाफेच्या बॉयलरचं पक्कं करायला ये, असं सांगितलं. कस्तुरचंद शेठजी कुठल्याही निर्णयाच्या इतके जवळ कधी पोचलेले नव्हते. जगदेव एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसत होता.

पोष दशमीला, जैनांच्या थंडीतल्या मोठ्या यात्रेला, धर्मशाळा गच्च भरते. थंडी अशी की बोलताना तोंडातून धूर निघावा. जतनबाईही तीन दिवस उपास करायला वरच्या मजल्यावर येऊन राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेव दोन बकेटा घेऊन जिना चढत होता, आणि जतनबाई मंदिरात जायला खाली उतरत होत्या. जिन्यात गाठ पडली म्हटल्यावर जगदेव गप्प कसा राहणार?

"शेटानीबाई, आमच्या हरीओमसाठी पोरगी पाहून राह्यलो बरं," तो म्हणाला. जतनबाई हसून "चांगली पाह्य" म्हणत त्याच्या बाजूनं खाली गेल्या. गोष्ट अजून संपली नव्हती. आसेगावची पोरगी आहे, शिकलेली आहे, हे सांगायचं राहिलं होतं. जगदेवनं मान मागे वळवली, आणि धुक्यानं ओल्या झालेल्या फरशीवरून त्याचा पाय सटकला.

एक बकेट त्यानं कशीबशी धरली. दुसरी उलटली. अर्धं पाणी त्याच्या स्वतःच्या पायावर गेलं आणि उरलेलं वाफाळत, पायऱ्यांवरून उड्या घेत खाली निघालं. जतनबाई त्याच क्षणी शेवटची पायरी उतरून बाजूला झाल्या होत्या. त्यांच्या पातळाचा काठ भिजला, चप्पल भिजली. एवढ्यावरच निभावलं.

"जगदेवभाऊ, लागलं का रे?" त्या धावत वर आल्या. आपल्या काठातून अजून वाफ निघते आहे, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

जगदेवला बोलता येईना. जन्मात पहिल्यांदा त्याची बोलती बंद झाली होती.

"कोनाले सांगू नको," जतनबाई म्हणाल्या. "मीबी नाही सांगत. शेटजी घाबरून जातीन."

त्या रात्री पंचफुला त्याच्या पायाला कोरफड लावत होती. पाय लालबुंद झाला होता, दोन जागी फोड आले होते. पण तिला पायापेक्षा त्याच्या तोंडाची काळजी वाटत होती, कारण घरी आल्यापासून ते उघडलंच नव्हतं.

"काहून बोलून नाई राह्यले जी? लय दुखते का?"

मग जगदेवनं सगळं सांगितलं. जिना सांगितला, जतनबाईंचा काठ सांगितला, आणि शेठजींना वाफेच्या नादी आपणच कसं लावलं, तेही सांगून टाकलं.

पंचफुलानं कोरफडीचा तुकडा खाली ठेवला. "म्हंजे सोयीचं पानी खोलीत येत होतं, ते तुमी अडवलं?"

"हो."

"तुमच्या एका फेऱ्यापायी?"

"तुले नाई समजनार वं. तिथं लोकं मले..."

"समजते मले," पंचफुला म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "घरी येऊन तुमी रोज त्याईच्याच गोष्टी सांगता. मले सुरतेची मावशी न पाहता वळखू येते. पन आज ती बाई भाजली असती तं? ज्या मानसाईपायी जाता, त्याईलेच पोळवता का?"

जगदेव रात्रभर कूस बदलत राहिला. पायानं झोप येऊ दिली नाही, असं तो दुसऱ्या दिवशी लोकांना सांगत होता. खरं काय ते पंचफुलाला माहीत.

यात्रा संपायच्या दिवशी तो लंगडत शेठजींपुढे जाऊन उभा राहिला. शेठजी धर्मशाळेच्या कचेरीत गादीवर बसून ऋषिकेशची वाट बघत होते.

"शेटजी, वाफ नका घेऊ. पान्याचाच घ्या."

शेठजींनी कपाळाला हात लावला. "अरे भाई! किती मुश्किलीनं माझं ठरत आलं होतं!"

"म्या खोटं बोललो तुमाले. खाज गिज काई सुटत नाई. केसबी झडत नाईत."

"ते मले माहीत होतं रे," शेठजी म्हणाले. "माझे तं तुह्या चुलीच्याच पान्यानं गेले."

जगदेवला हसावं की रडावं कळेना. त्यानं जिन्यातली हकीकत सांगितली. जतनबाईंनी सांगू नको म्हटलं होतं, तरी सांगितली. म्हातारी माणसं येतात, लेकुरवाळ्या बाया येतात, माझे पाय आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, असंही सांगितलं.

"मंग इतके दिवस वाफ वाफ काहून करत होता?" त्यांनी विचारलं.

"नळ आला का मंग मले कोनी दार नाई उघडनार ना जी," जगदेव म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

शेठजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. वाफ तर तिथं कुठंच नव्हती. थोड्या वेळानं ऋषिकेश आला, आणि त्याला गरम पाण्याचा बॉयलर लिहून घ्यायला सांगण्यात आलं.

महिन्याभरात बॉयलर बसला. भिंतींवरून पाइप फिरले, न्हाणीघरांत चकचकीत तोट्या लागल्या. जगदेवची चूल विझली. गेटजवळ खुर्ची आली, पंखाही आला, आणि थंडीचे दिवस असताना शेठजींनी तो मोठ्या प्रेमानं लावूनही दाखवला. जगदेव खुर्चीत बसला. येणाऱ्याला "जय जिनेंद्र" म्हणायचा, तेवढ्यात गाडी आत गेलेली असायची. दुपारी रस्त्यानं शेळ्या जायच्या, त्यांनाही तो हात करायचा. घरी गेल्यावर पंचफुला विचारायची, "आज कोन आलं होतं?" तो म्हणायचा, "गाड्या."

आणि मग एक अशी अडचण निघाली, जी दुसऱ्या कुठल्या लॉजात अडचण म्हणून कुणाच्या ध्यानातही आली नसती.

बॉयलर मागच्या अंगणात, खोल्या लांब. सकाळी तोटी उघडली की पाइपात रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी येणार, बकेटभर वाहून गेल्यावर मग गरम. दुसरीकडे माणूस मजेत शीळ घालत उभा राहील आणि पाणी मोरीत जाऊ देईल. इथं? पाण्याच्या थेंबाथेंबात जीव मानणारी माणसं ही! खोल्या पुन्हा गच्च भरल्या त्या पहिल्याच सकाळी खोल्याखोल्यांतून आरडाओरडा झाला. "अहो, पाणी वाया चाललं! बंद करा, बंद करा!" कुणी बकेट लावली, कुणी कळशी लावली, एका बाईंनी तर जेवणाचा डबा रिकामा करून लावला. आणि मग गार पाण्यानं भरलेली ती सगळी भांडी खोल्यांबाहेर व्हरांड्यात येऊन बसली. म्हाताऱ्यांना चालायला वाट राहिली नाही. शेठजी त्या बकेटांच्या रांगेपुढे असे उभे होते, जसं काही वऱ्हाड जेवायला बसलंय आणि वाढायला कुणी नाही.

पुन्हा राहायला आलेल्या जतनबाई आपल्या खोलीच्या दारातून बघत होत्या. त्यांनी गेटकडे तोंड करून हाक मारली. "जगदेवभाऊ! खुर्ची गरम झाली असंल तं ये इकडे!"

जगदेव कसा आला ते विचारू नका. भाजलेला पाय नुकता बरा झाला होता, तरी धावत आला. गार पाणी सांडलं तरी कुणाला पोळणार नव्हतं. तरीही एका वेळी एकच बकेट, अर्धीच भरलेली, कठडा धरून, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. ते पाणी चौकातल्या हौदात जायचं, तिथून पाखरांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळांत, गाईंच्या टाक्यात, तुळशी-मोगऱ्याला. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी धर्मशाळेत परत हाक ऐकू यायला लागली. फक्त ती उलटी झाली होती.

"उठा जी, पानी द्या!"

दारं उघडायला लागली. सुरतेच्या मावशी बकेट देता देता म्हणाल्या, आत ये, चहा झालाय. बीडच्या आजीबाईंना सुनेचं बरंच साठलेलं सांगायचं होतं. पूर्वी लोकांना घाई असायची, पाणी गार होतंय म्हणून. आता पाणी आधीच गार, मग घाई कशाची? जगदेवचा फेरा पहिल्यापेक्षा लांबला. घरी पंचफुलाला सगळ्या गोष्टी परत मिळायला लागल्या, हरीओमसाठी आसेगावची पोरगी पक्की झाल्याची बातमीही धर्मशाळेत आधी पोचली आणि पाहुण्यांनी पेढे मागितले.

उन्हाळ्याच्या तोंडाला ऋषिकेश बॉयलर तपासायला आला. हुशार पोरगा, कामाला चोख. सकाळचा फेरा चालू होता. त्यानं जगदेवला बकेट घेऊन दारोदार जाताना बघितलं, काय भानगड आहे ते विचारून घेतलं आणि हसला.

"शेठजी, एवढा त्रास कशाला? एक परतीची लाइन टाकू, छोटा पंप लावू. गरम पाणी पाइपात फिरत राहील. तोटी उघडली की पहिल्या थेंबापासून गरम. गार पाणी येणारच नाही."

जगदेव शेजारच्याच दाराशी उभा होता. त्यानं ऐकलं. हातातली बकेट त्यानं हळूच खाली ठेवली. एकदा बोलून बसला होता, आता पुन्हा तोंड उघडायची त्याची हिंमत नव्हती. पोरगा खरं तेच सांगत होता. तो फक्त शेठजींकडे बघत राहिला, आणि शेठजी आता पुजाऱ्याला विचारतील, भाजीवालीला विचारतील, कंडक्टरला विचारतील, निदान तेवढे दिवस तरी मिळतील, असा हिशोब त्याच्या मनात चालला होता.

"नको," शेठजी म्हणाले.

ऋषिकेशला वाटलं त्यांना समजलं नाही. "पाणी वाया जाणार नाही, शेठजी."

"आत्ता कुठं वाया जाते? जगदेव नेते ना."

"घाई नाही. विचार करा, मग सांगा."

"झाला विचार," कस्तुरचंद शेठजी म्हणाले. "नको म्हंजे नको."

दारात उभ्या असलेल्या जतनबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! मले हो म्हनायले होळी उजाडली, अन् इथं पापनी लवायच्या आत?" शेठजी लाजले, म्हातारपणी लाजले, आणि ऋषिकेशला चहा प्यायला भोजनशाळेकडे घेऊन गेले.

जगदेवनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बकेट उचलली, हौदात रिकामी केली, आणि पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"उठा जी," त्यानं हाक दिली, "पानी द्या!"

आतून कडी निघाल्याचा आवाज आला.